दोन पेल्यांचे सुभेदार

सुभेदार निकमांना मी कधीही झोकांडी खाताना पाहिलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण दारूचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांपुढं गटारात लोळणारा माणूस येतो आणि मग पुढचं कुणी धड ऐकतच नाही. सुभेदार लोळणाऱ्यांतले नव्हते. लोळणाऱ्याला उचलून, डोक्यावर बादलीभर पाणी ओतून 'सावधान'मध्ये उभं करणाऱ्यांतले होते. आमच्या गल्लीतल्या वायरमनला त्यांनी भर बाजाराच्या दिवशी असं उभं केलं होतं. तो ओल्या कपड्यांत हुंदके देत होता आणि सुभेदार त्याला विचारत होते, "पचत न्हाई तर पितोस कशाला रं?"

साताऱ्यात त्यांच्या आणि आमच्या अंगणात कमरेइतकी भिंत होती. मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. आम्ही मूळचे वाईचे, घरात दारू औषधालासुद्धा नाही. त्यामुळं शेजारी पिणारा फौजी राहतो म्हटल्यावर सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्या बाजूची खिडकी लावून घेतली. महिन्याभरात त्याच खिडकीतून त्या सुभेदारांच्या बायकोला, इंदूवहिनींना, लोणचं द्यायला लागल्या. माणसंच तशी होती ती. कुणाचा फ्यूज उडाला की सुभेदार न बोलावता तार घेऊन हजर. गंजीफ्रॉकलासुद्धा इस्त्री. माझा मुलगा पोक काढून चालतो म्हणून त्यांनी त्याच्या डोक्यावर वही ठेवून त्याला अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. मी कुरकुर केली तर म्हणाले, "बाई, तुमी डोक्याच्या आतलं बघा. वरचं माझ्याकडं द्या." त्या पोराची पाठ आजही ताठ आहे.

दिवेलागणीला सुभेदार अंघोळ करून देवाला हात जोडायचे आणि पेरूच्या झाडाखाली लोखंडी खुर्ची टाकून बसायचे. शेजारी स्टुलावर रमची बाटली, पाण्याचा तांब्या, खारे शेंगदाणे आणि स्टीलचा पेला. दोन पेले घ्यायचे. तिसरा कधीही नाही. दुसरा संपला की बाटलीचं बूच घट्ट आणि आत हाक, "वाढा." बाटल्या मिलिटरी कँटीनच्या. त्यांचा स्वतःचा कोटा होताच, शिवाय न पिणाऱ्या निवृत्त मित्रांचाही यांच्याकडंच यायचा. त्यांचा आवाज कधी चढला नाही, जीभ जड झाली नाही, वहिनींवर हात उगारणं तर लांबच. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना सुनवायच्या, प्यायचीच आहे तर सुभेदारांसारखी दोन पेले प्या.

"माप माझ्या हातात हाय," असं ते म्हणायचे. आणि दुसरं एक म्हणायचे, "ज्याला चढत न्हाई त्याला कसलं भ्या."

मी दहावीला आनुवंशिकता शिकवते हे कळल्यापासून तर त्यांना चेवच आला होता. "उंची बापाची, नाक आईचं आणि पचवायची ताकद आमच्या म्हाताऱ्याची. ल्ह्या तुमच्या फळ्यावर." म्हातारा म्हणजे त्यांचे वडील. रहिमतपूरजवळच्या त्यांच्या गावी यात्रेला हा म्हातारा दिवसभर प्यायचा आणि संध्याकाळी पालखी खांद्यावर घेऊन देवळाच्या पायऱ्या चढायचा. "पालखी हलायची न्हाई बाई, इतकीबी न्हाई," सुभेदार दोन बोटं चिमटीत धरून दाखवायचे. मी एकदा विचारलं, मग पुढं काय झालं त्यांचं? "काय व्हायचंय. विहिरीत पाय घसरून गेला. चाळिशीबी गाठली न्हाई." हे ते वेगळ्याच आवाजात सांगायचे, पालखीच्या गोष्टीशी त्याचा काही संबंध नसल्यासारखं. मीही कधी तो जोडला नाही, आणि दहावीच्या मुलींना वाटाण्याची उंच झाडं नि बुटकी झाडं शिकवत राहिले.

त्यांच्या घरात एक रिवाज होता. आखाडात, म्हणजे श्रावण लागण्याआधीच्या मटणाच्या जेवणाला, वयात आलेल्या मुलाला पहिला पेला बापानं स्वतःच्या हातानं द्यायचा. "बाहेर चोरून शिकण्यापरीस बापाम्होरं घेतलेली बरी. आणि पोरगं किती पाण्यात हाय ते बी कळतं," असं त्यांचं गणित. थोरल्या विलासची परीक्षा आम्ही शेजारी येण्याआधीच झाली होती. धाकट्या प्रकाशची मात्र मी भिंतीपलीकडून पाहिली. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. विलास तेव्हा सांगलीला हळदीच्या अडतीवर नोकरीला होता, बायकोमुलाला घेऊन सणाला आला होता.

प्रकाशनं अर्धा पेला घेतला असेल नसेल, त्याचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. मानेवर चट्टे उठले. छाती धडधडते म्हणाला, आणि उठून पेरूच्या बुंध्याशी भडाभडा ओकला. सुभेदार पोट धरून हसत होते. "ह्ये बेणं कुणावर गेलं? मामावर गेलंय, मामावर. वास घेतला तरी पडतंय त्ये." इंदूवहिनी पाणी घेऊन धावल्या. इकडं विलासनं बापाच्या बरोबरीनं दोन्ही पेले रिचवले आणि बर्फ संपला म्हणून सायकल काढली. राजवाड्यापर्यंत जाऊन आला, एका हातात बर्फाची पिशवी, दुसऱ्या हातात हँडल. उतरला तो सरळ. डोळेसुद्धा लाल नाहीत.

सुभेदारांनी त्याच्या पाठीवर थाप मारली ती माझ्या अंगणात ऐकू आली. "ह्यो माझा," ते म्हणाले. मग भिंतीपाशी येऊन मला सांगितलं, "बाई, ह्या पोराची मला कायम निश्चिंती हाय. धाकट्याला मात्र संबाळाय लागंल."

दोन-तीन वर्षं गेली. एका दुपारी सांगलीहून विलासचे मालक आले, आण्णा चौगुले. जैन माणूस, पांढरी टोपी, हळदीनं पिवळी झालेली नखं. सूर्य मावळायच्या आत जेवतात म्हणून इंदूवहिनींनी घाईघाईनं कांदा-लसूण न घालता भाकरी-पिठलं केलं, आणि वाटीभर साईचं दही मागायला आमच्याकडं आल्या. मी दही घेऊन गेले तेव्हा चौगुले पानावर बसले होते, पण घास उचलत नव्हते.

"साहेब," ते म्हणाले, "विलासला तुमी घेऊन जावा. त्यो सकाळी पोती उघडायच्या आधी घेतोय. दुपारी घेतोय. रोज."

सुभेदारांनी मान हलवली. "तुमची कायतरी चूक हुतीय आण्णा. घेत आसंल कवातरी. त्याला चढत न्हाई."

"तेच तर सांगाय आलोय. चढत न्हाई म्हणून तर मला कळलं न्हाई. हिशेब बरोबर, बोलणं बरोबर, कुणाशी तंटा न्हाई. आमच्यात कुणी घेत न्हाई, मला वासबी वळखू यीना; यार्डात निसता हळदीचा वास. परवा हात कापाय लागले म्हणून कोपऱ्यात जाऊन प्याला आणि कापायचे थांबले. ते मी बघितलं."

सुभेदार हसले. खोटं हसू नव्हतं ते, खरोखर त्यांना ते पटत नव्हतं. चौगुल्यांना त्यांनी स्टँडपर्यंत मानानं पोचवलं, आणि परत येऊन मला म्हणाले, "दारूतलं काय कळतंय त्या माणसाला?" विलासला तेवढं एक पत्र टाकलं, तब्येतीची काळजी घे म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात विलास रक्ताची उलटी होऊन सांगलीच्या दवाखान्यात गेला, तो परत आलाच नाही. पस्तिशीचा मुलगा. मी वहिनींबरोबर गेले होते. कृष्णाकाठी त्याला चितेवर ठेवला तेव्हा त्याचं पोट टरारून फुगलेलं होतं आणि कातडी पिवळीजर्द. मला बघवेना. ज्या पोरानं एका हातानं सायकल चालवत बर्फ आणला होता, तो हाच, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. सुभेदार ताठ उभे होते. गावात सगळीकडं सांगितलं गेलं, काविळीनं गेला. विलासचा मुलगा अजिंक्य तेव्हा शाळकरी होता, त्यालाही तेच सांगितलं. कावीळ झालीच होती, त्यामुळं कुणाला ते खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही.

सुतकातही सुभेदारांचे दोन पेले चुकले नव्हते. कोण बोलणार? पण तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातल्या सगळ्या बाटल्या अंगणात आणून मोरीत ओतल्या. वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला. "आजपासनं बंद," ते म्हणाले. "माझ्या हातात माप हाय, मी सोडणार." मी मनात म्हटलं, काय करारी माणूस आहे. आमच्या ह्यांनाही तसंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचे हात थरथरत होते. शर्टाची बटणं खाली-वर लागली होती, आणि ज्या माणसाच्या गंजीफ्रॉकला इस्त्री असायची तो घामानं निथळत बसला होता. आम्हाला वाटलं, मुलाचं दुःख आता बाहेर येतंय. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर वहिनींची किंकाळी. धावत गेले. सुभेदार भिंतीकडं तोंड करून उभे होते आणि भिंत दोन्ही हातांनी झाडत होते. "मुंग्या," ते ओरडत होते, "मुंग्या. झाडा लवकर." भिंतीवर काहीही नव्हतं. मग ते वळले, वहिनींकडं बघून म्हणाले, "कोन तुमी? पास दाखवा." चाळीस वर्षांच्या संसारातल्या बाईला. मला म्हणाले, "बाई, तुमच्या पदरावर लागल्यात." मला ओळखलं आणि तिला नाही, याचा मला इतका धक्का बसला की मी वेड्यागत माझा पदर झटकला.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी आधी सुई टोचली आणि मग चिठ्ठी दिली, सांगलीला दारू सोडवणारा दवाखाना आहे, तिथं न्या. मी म्हटलं, "अहो, यांनी दारू सोडली म्हणून तर हे झालंय." डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच. अंगाला लागलेली एकदम तोडली की असं होतं." जीपमध्ये प्रकाशनं बापाला धरलं होतं आणि पुढं मी बसले होते, डॉक्टरांशी बोलायला शास्त्राची बाई असलेली बरी, असं वहिनींचं म्हणणं. शास्त्राच्या बाईला यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिनं विचारलं, रोज किती घ्यायचे? मी ताबडतोब सांगितलं, "दोनच. मोजून. अख्ख्या गल्लीला माहीत आहे."

"कशानं मोजून?"

प्रकाशनं हातानं पेल्याची उंची दाखवली. तिनं तिथलाच एक स्टीलचा पेला उचलला. "एवढा? पाणी किती घालायचे?" प्रकाश म्हणाला, "वरनं थोडं." तिनं तो पेला पाण्यानं जवळजवळ भरून दोनदा रमएवढ्याच एका रिकाम्या बाटलीत ओतला आणि बाटली आमच्यासमोर धरली. ती पाऊण भरली होती.

मी त्या बाटलीकडं बघत राहिले. इतकी वर्षं मी, माझ्या सासूबाई, आमची गल्ली, आणि सुभेदार स्वतः, सगळे 'दोन' मोजत होतो. पेला केवढा आहे हे एकानंही बघितलं नव्हतं. शिस्तीचा म्हणून ज्याचा दाखला द्यायचा तो माणूस आमच्या डोळ्यांदेखत रोज पाऊण बाटली रम पीत होता.

आठवड्यानं सुभेदार माणसात आले. मी भेटायला गेले तेव्हा डॉक्टर त्यांच्याशी बोलत होती. घरात आणखी कोण प्यायचं, तिनं विचारलं.

"वडील. पण त्यांना चढत नव्हती."

"वारले कसे?"

"विहिरीत पाय घसरून."

"त्या दिवशी प्यायले होते?"

 सुभेदारांना आयुष्यात पहिल्यांदा तो प्रश्न कुणी विचारला होता. मग म्हणाले, "यात्रा हुती."

मग तिनं समजावून सांगितलं. माणसागणिक रक्तामांसात फरक असतात. काहींना घोटभर घेतली तरी तोंड लाल होतं, धडधडतं, उलटी होते. शरीरच त्यांना हाकलून लावतं. काहींना मात्र शरीर 'थांब' म्हणून सांगतच नाही. इतरांना दोन पेल्यांत जे होतं ते यांना पाचातही होत नाही, मग हे पीत राहतात, आणि आतून मात्र सगळं तेवढंच नासतं. हा कल घराण्यातून येतो. "येतोच असं नाही, आणि आला म्हणजे माणूस बुडालाच असंही नाही. न प्यायलं तर काहीच होत नाही. पण ज्याला चढत नाही, त्यानं सगळ्यात जास्त घाबरायला हवं, सुभेदारसाहेब."

सुभेदार प्रकाशकडं बघत होते. पेरूच्या बुंध्याशी ओकलेलं पोरगं ते. "म्हंजी ह्यो वाचला," ते म्हणाले. "आणि इलासला मी..."   मी उठून व्हरांड्यात गेले आणि रडले, कारण तिथं थांबणं मला शक्यच नव्हतं.

सुभेदारांना घरी न्यायला आम्ही गेलो, तेव्हा निघताना तिनं विचारलं, नातू आहे का. आहे म्हटल्यावर म्हणाली, मोठा झाला की त्याला खरं सांगा. इंदूवहिनी पदर तोंडाला लावून मान हलवत राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला बजावलं, "पोराला बापाची लाज वाटंल, आसं कायबी सांगायचं न्हाई. तुमाला माझ्या गळ्याची आण हाय." सूनही तेच म्हणाली. सुभेदारांनी ऐकलं. त्या घरात आता त्यांचा शब्द चालत नव्हता, आणि तो चालावा असं त्यांनाही वाटत नसावं.

त्यांनी पुन्हा थेंब घेतला नाही. संध्याकाळी खुर्ची टाकायचे ते बंद झालं. त्या वेळेला गल्लीत फेऱ्या मारायचे. कुणी तरुण पोरगं भेटलं की थांबवून विचारायचे, "घेतोस का रं?" पोरगं लाजून "कवातरी" म्हणालं की पुढचा प्रश्न, "चढती का?" चढते म्हणालं तर त्याची पाठ थोपटायचे, "लय चांगलं झालं." पोरं मागं हसायची, म्हातारा सरकला म्हणायची. मीही एकदा हसले. पण एकानं छाती फुगवून सांगितलं, "आपल्याला काय होत न्हाई आबा," तेव्हा सुभेदारांचा चेहरा मी पाहिला. त्यानंतर मला त्या प्रश्नाचं हसू आलं नाही.

अजिंक्य बारावीनंतर कॉलेजला साताऱ्यात आला आणि आजीआजोबांकडं राहू लागला. बापासारखाच उंच आणि बोलका. सुभेदार त्याच्यामागं सावलीसारखे. कुठं जातोस, कुणाबरोबर, कवा येणार. पोरगं वैतागायचं. सुभेदार माझ्याकडं येऊन बसायचे, म्हणायचे, "बाई, सांगू का?" मी म्हणायचे, सांगा. "हिची आण हाय," म्हणून उठून जायचे.

आमची वाईला बदली झाली त्या सकाळची ही गोष्ट. दारात टेंपो भरत होता, मी भांड्यांची पोती बांधत होते. अजिंक्य आदल्या दिवशी मलकापूरला मित्राच्या भावाच्या वरातीला गेला होता, तो नुकताच आला होता. आंघोळ करून ताजातवाना, अंगणात उभा राहून प्रकाशकाकाला हसत हसत सांगत होता. "काका, सगळे आडवे. नवरदेवाच्या मेव्हण्याला तर उचलून न्यावं लागलं. आणि मी सगळ्यांच्या बरोबरीनं घेतली, मला काय सुदीक झालं नाही. पहिल्यांदा घेतली तरी. शेवटी मीच जीप चालवत सगळ्यांना घरी सोडलं."

प्रकाशच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

सुभेदार आतून आले. मला वाटलं आता पोराच्या कानाखाली बसणार. ते पायरी उतरले, त्याच्यासमोर आले, आणि गुडघे टेकून त्यांनी नातवाचे दोन्ही पाय धरले. मी पोतं सोडलं. निकमांच्या घरात सुना सासऱ्यापुढं मान वर करत नव्हत्या, आणि तो सहा फुटी माणूस ओल्या फरशीवर कपाळ टेकून पोराच्या पायाशी पडला होता.

"आबा, उठा. काय करताय? आजी, बघ की," अजिंक्य पाय सोडवायला बघत होता. इंदूवहिनी दारात आल्या आणि तिथंच थबकल्या. सुभेदारांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"तुझी आण मी मोडतोय," ते म्हणाले. मग नातवाला म्हणाले, "तुझा बाप काविळीनं न्हाई गेला. दारूनं गेला. त्याला बी चढत नव्हती. माझ्या बापाला बी न्हाई, मला बी न्हाई. त्ये लय मोठी ताकद हाय म्हणून मी तुझ्या बापाची पाठ थोपटली. ती ताकद न्हाई रं बाळा. त्योच आजार हाय, आणि त्यो तुला माझ्याकडनं आलाय."

 टेंपोवाल्यानं हॉर्न दिला, कुणी तिकडं बघितलं नाही. वहिनी उंबऱ्यावर खाली बसल्या. अजिंक्यच्या तोंडावरचं हसू कधीच गेलं होतं. तो पाय सोडवायचा थांबला, हळूच आजोबांसमोर उकिडवा बसला आणि स्वतःच्या हातांकडं बघायला लागला.

"आबा," त्यानं अगदी बारीक आवाजात विचारलं, "मग मला काय झालंय?"

"अजून काय न्हाई झालं," सुभेदार म्हणाले. "अजून काय न्हाई झालं, बाळा." पण पाय त्यांनी सोडले नाहीत.